येते हं, मावशी

उपासना संपली, शेवटचा आशीर्वाद झाला आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या त्या लाकडी चर्चमध्ये नेहमीप्रमाणे कॉफीचा वास सुटला. सुकृपा पाटोळेच्या कानातल्या कुडीनं पाळकसाहेबांचं बोलणं मराठीत पोचवलं, "सुकृपाबाई, आज केकचा पहिला तुकडा तुमचा. नाही म्हणायचं नाही!" आवाज त्यांचाच, घोगरा, मराठी मात्र अस्सल श्रीरामपूरची.

कुडी हे नाव सुकृपानंच ठेवलेलं. सरकारी कागदांत त्या यंत्राचं नाव भलंमोठं होतं, पण हरभऱ्याएवढ्या, कानाच्या पाळीला बसणाऱ्या वस्तूला मराठी बाईनं दुसरं काय म्हणायचं? गावात प्रत्येकाच्या कानात ती असे. जुनी दुभाषी यंत्रं शब्दाला शब्द ठेवायची. कुडी बोलणाऱ्याच्या आवाजातली थरथर, श्वास, शब्दांमधले थांबे मोजायची, त्यावरून मनातला हेतू ओळखायची आणि मग भाषांतर करायची. उशिरा आलेल्याला सुकृपा "या, फार लवकर आलात!" म्हणाली, की त्याच्या कानात नॉर्वेजियन टोमणाच उमटायचा. इतकी शहाणी वस्तू सुकृपानं दुसरी पाहिली नव्हती. फक्त 'मावशी' या शब्दापुढे कुडीनं हात टेकले. तिनं तो तसाच सोडून दिला, आणि सुकृपाचं ऐकून अख्खी मंडळी ऐंशीच्या घरातल्या इंगेबोर्गला मावशी म्हणू लागली.

या मावशीशी ओळख मात्र कुडीविनाच झाली होती. नऊ वर्षांपूर्वीचा पहिला रविवार. सुकृपाला कुडी अजून मिळायची होती. कॉफी झाल्यावर इंगेबोर्ग हात हलवत म्हणाली, "हा दे!" सुकृपानं गडबडीनं हातातला कप तिला देऊन टाकला. तिकडे निरोप घेताना असंच म्हणतात, हे नंतर कळलं. इंगेबोर्ग पोट धरून हसली, तो निळ्या काठाचा कप तिनं दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि तेव्हापासून तो सुकृपाचा ठरला. पुढे सुकृपाचा नवरा प्रमोद आजारी पडला, त्या हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ रोज सकाळी उपसलेला असायचा. कोण उपसतं असं चर्चमध्ये विचारलं, की सगळे केककडे बघायचे. अशी माणसं सुकृपाला जन्मात भेटली नव्हती, आणि आज त्यांना सोडून जायचं होतं.

श्रीरामपूरला तिच्या बाबांची दृष्टी गेली होती, आणि तिच्याशिवाय त्यांना कुणी नव्हतं. जाणं कायमचंच होतं. ते मावशीला कसं सांगायचं, याचाच विचार ती आठवडाभर करत होती. इंगेबोर्गचा मुलगा येन्स "नाताळला येतो" म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला तो पुन्हा फिरकला नाही. कित्येक नाताळ ती त्याचं ताट मांडत राहिली. तिला पुन्हा कुणाची वाट बघायला लावायची नाही, हे सुकृपानं पक्कं ठरवलं होतं.

म्हणून कॉफी घेऊन ती इंगेबोर्गशेजारी बसली आणि एका दमात बोलून गेली, "मावशी, आम्ही परत येणार नाही. बाबांना टाकून निघणं आता जमायचं नाही."

"ठाऊक आहे," इंगेबोर्ग म्हणाली. "खरं सांगितलंस, बरं केलंस. म्हातारी समजून सगळे माझ्याशी गोड गोड बोलतात. घाबरू नकोस, मी ताट मांडून बसणार नाही." कॉफी संपल्यावर तिनं सुकृपाच्या हातातून तो निळ्या काठाचा कप घेतला आणि धुवायला गेली.

सुकृपाला हलकं वाटलं, आणि लगेच गलबलूनही आलं. मंडळीनं तिच्यासाठी उभ्यानं एक गीत म्हटलं. गाण्यात कुडी लुडबुड करत नसे, त्यामुळे ते नॉर्वेजियनमध्येच ऐकू आलं. तरी तिला रडू आवरेना.

"सुकृपा, चल गं," प्रमोदनं दारातून हाक मारली. "विमान काही आपल्यासाठी थांबायचं नाही."

इंगेबोर्ग कप पुसत पुसत दारापर्यंत आली. सुकृपानं तिला घट्ट मिठी मारली. आज 'जाते' म्हणायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण उंबऱ्यात उभं राहून 'जाते' म्हणायची जिभेला सवयच नव्हती. लहानपणी आईनं त्या शब्दावरून कितीदा टोकलं होतं.

"येते हं, मावशी," ती म्हणून गेली.

त्यात काळजीसारखं काही नव्हतं. इतकी वर्षं दर रविवारी ती हेच म्हणत आली होती आणि कुडी इंगेबोर्गच्या कानात इमानेइतबारे 'हा दे' सांगत आली होती. मराठी बाई 'येते' म्हणाली, की निघते, एवढं त्या यंत्राला केव्हाच कळलं होतं.

पण इंगेबोर्गचे हात तिच्या पाठीवर थबकले. ती मागे सरली आणि सुकृपाचा चेहरा न्याहाळू लागली.

"येणार आहेस?" तिनं विचारलं.

"अगं नाही, मावशी, मी फक्त..." सुकृपानं इंगेबोर्गच्या कानातल्या कुडीकडे पाहिलं. कुडी चुकली असणार. पण हेतू ओळखताना कुडी चुकलेली तिनं आजवर पाहिली नव्हती. मग आज तिच्या आवाजात त्या यंत्राला असं काय ऐकू आलं होतं, जे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं?

इंगेबोर्गनं पुसलेला कप पुन्हा खुंटीला अडकवला.

"ताट मांडणार नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "कपाचं काही बोलले नव्हते. केव्हा येशील?"