घार, कासव आणि बडबड्या वकील

विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागे, सायकलींच्या शेडला लागून, नौदल प्रशिक्षण तुकडीची दोन खोल्यांची कचेरी होती. एका खोलीत गणवेश, दोर आणि ओल्या कॅनव्हासचा वास. दुसरीत दोन टेबलं, भिंतभर पसरलेला सागरी नकाशा आणि ढाली ठेवण्यासाठी हौसेनं करून घेतलेलं काचेचं कपाट. त्या कपाटात आजवर एकही ढाल आली नव्हती. हल्ली तर तिथे चहाचे कप ठेवत.

"या वर्षी हे कप बाहेर निघणार!" घार म्हणाली आणि नकाशावर तिने पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली.

दर वसंतात निरनिराळ्या विद्यापीठांच्या तुकड्या शिडाच्या बोटी घेऊन भर समुद्रातल्या दीपगृहाच्या बेटावर जात. तिथल्या धक्क्यावरचं आपलं निशाण काढून जी बोट आधी परतेल, तिला ढाल. बाकीच्या बोटी खडकांच्या रांगेला लांबून वळसा घालत. घारीची रेघ त्या रांगेच्या मधोमध, एका अरुंद खिंडीतून जात होती.

घार हे अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. ही लेफ्टनंट नौदलाच्या बचाव हेलिकॉप्टरवर होती. बुडत्या बोटींवरून, उसळत्या लाटांमधून तिने माणसं वर खेचली होती. मग एकदा जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टर आदळलं, तिच्या पाठीचे मणके दुखावले आणि डॉक्टरांनी उडणं बंद केलं. नौदलाने तिला या तुकडीची उपप्रमुख करून टाकलं. आकाशातून उचलून खुराड्यात कोंबलं, असं तिला वाटे.

तुकडीचे प्रमुख कमांडर म्हणजे कासव. सारी नोकरी पाणबुडीत गेलेली. चालणं सावकाश, जेवणं सावकाश, दारसुद्धा असं लावायचे की कडीचा आवाज येऊ नये. "सर, खोल समुद्र दिसतो कसा हो?" असं एका विद्यार्थ्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "काय माहीत बाबा! पाणबुडीला खिडकी नसते. मी समुद्र ऐकलाय फक्त."

घारीला त्या उत्तराचं हसू आलं होतं. आयुष्यभर समुद्रात राहून समुद्र न पाहिलेला माणूस!

आता कमांडरांनी रेघेकडे बराच वेळ पाहिलं. "वाट आहे खरी. पण मध्येच दिसेनासं झालं, तर थांबायला जागा नाही."

"हवामान स्वच्छ आहे म्हणतात, सर."

"मग ठीक. बोटीच्या कप्तान तुम्ही आहात, निर्णय तुमचा."

बोटीवर पाच जण होते. हे दोघे अधिकारी. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, तिला सगळे आतापासूनच डॉक्टर म्हणत. इंजिनिअरिंगचा एक ताडमाड मुलगा, त्याचं नाव शिडी. आणि कायद्याचा विद्यार्थी वकील. वकिलाचं तोंड म्हणजे अखंड नळ. दोर ओढताना, बटाटे सोलताना, ओकाऱ्या काढतानासुद्धा त्याचा युक्तिवाद चालूच!

"बोट लागणं ही माझी चूक नाही, मॅडम," पहाटेच तो कठड्यावर ओणवा होऊन म्हणाला. "लाटेने आधी कुरापत काढली!"

सकाळ सुरेख होती. शिडात वारा भरला होता, बोट एका अंगावर कलून पाणी कापत चालली होती, आणि इतर बोटींची शिडं मागे पडत पडत क्षितिजावर पांढऱ्या ठिपक्यांएवढी झाली होती. दुपारच्या सुमाराला खडकांची काळी रांग समोर आली. भरतीचं पाणी खिंडीतून आत ओढ घेत होतं. घारीने सुकाणू वळवलं आणि बोट त्या दोन काळ्या भिंतींच्या मध्ये शिरली. कितीतरी महिन्यांनी तिला छाती भरून श्वास घ्यावासा वाटला.

आणि मग धुकं आलं.

आधी खडकांची टोकं पुसली गेली, मग खडक. बघता बघता डोलकाठीचा शेंडाही दिसेना. वारा पडला, शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं.

"इंजिन सुरू कर," घार शिडीला म्हणाली.

"लेफ्टनंट," कमांडर हळू आवाजात म्हणाले, "इथेच नांगर टाकू. इंजिनाच्या आवाजात लाट कुठे फुटतेय ते कळायचं नाही."

"इथे ओढ फार आहे, सर. नांगर धरेल याचा भरवसा नाही. थोडंच राहिलंय."

"आणि यंत्र?"

उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र डब्यात मोहोरबंद होतं. स्पर्धेचा नियमच तसा होता. मोहोर फुटली की बोट बाद! घारीने डब्याकडे पाहिलं, मग समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे.

"आणखी थोडं जाऊ," ती म्हणाली. "वकील, नाळेवर जा. खडक दिसला की ओरड."

वकील बोटीच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहिला. इंजिन धडधडत होतं. बोट पुढे सरकत होती. घारीचे डोळे ताणून ताणून दुखायला लागले. आकाशातून जिला मैलभरावरच्या बुडत्या माणसाचं लाल जाकीट दिसत असे, तिला आता स्वतःच्या बोटीचं टोक दिसत नव्हतं.

"खडक! डावीकडे, खड..."

धाड!

बोट उसळली, करकरली, बाजूला फेकली गेली. डॉक्टर गुडघ्यांवर पडली. घारीने सुकाणूला मिठी मारली म्हणून ती वाचली. तिने मान वर केली तेव्हा नाळ रिकामी होती.

"माणूस पाण्यात!" शिडी किंचाळला.

"नांगर!" घार ओरडली. शिडीने झेप घालून नांगर सोडला. साखळी खडखडत गेली, बोटीला हिसका बसला आणि बोट ओढीत गर्रकन वळून थांबली. पण वकिलाला कोण थांबवणार? भरतीची बर्फगार ओढ त्याला बोटीच्या मागे, त्या पांढऱ्या अंधारात घेऊन चालली होती.

घारीने रेडिओ उचलून किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला हाक दिली. उत्तर लगेच आलं. जीवरक्षक बोट निघतेय. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नाही.

तिला वाद घालायचा नव्हता. असल्या धुक्यात तीही आली नसती. रेडिओच्या त्या टोकाला बसून हेच वाक्य तिने कितीदा उच्चारलं होतं! ते ऐकणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं.

"इंजिन बंद," कमांडर म्हणाले.

त्यांचा आवाज इतका शांत होता, की शिडीने घारीकडे न बघताच कळ दाबली. शांतता पसरली. मग तिच्यातून एकेक आवाज सुटा होऊ लागला. बोटीच्या अंगावरचं पाणी. उजवीकडे फुटणारी लाट. मागे, लांबवर, आणखी एक लाट. आणि...

"...मी सांगत होतो डावीकडे! मी रीतसर सूचना दिली होती!"

"जिवंत आहे!" डॉक्टर रडत-हसत म्हणाली.

"वकील!" कमांडरांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. "बोलत राहा! थांबू नकोस!"

"काय बोलू, सर?"

"काहीही! तुझी बाजू मांड!"

घारीने आणि शिडीने रबरी होडी पाण्यात लोटली. बोटीवरचा सर्वांत लांब दोर तिला बांधला होता. तो सुटला तर धुक्यात बोट पुन्हा सापडणार नाही. कमांडर मागच्या कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले होते. धुक्यात आवाज चकवतो, एकाच हाकेच्या चार हाका होतात. पण ते मान किंचित फिरवत होते, खडकावरून परतून येणारी हाक कोणती आणि खरी कोणती हे निवडत होते.

"थोडं डावीकडे. अजून. आता सरळ."

शिडी वल्हवत होता. घार होडीच्या पुढच्या टोकाला पोटावर पडून पाणी न्याहाळत होती. वकील कायद्याची कलमं म्हणत होता. मग कलमं संपली आणि तो आईबद्दल बोलू लागला. आईला सांगितलं नाही, म्हणे, की बोट एवढी लहान आहे. मग शब्द एकमेकांत अडकायला लागले.

होडीला हिसका बसला. दोर संपला होता!

"सर, दोर संपला! सोडतोय!" घार ओरडली. तिचा हात गाठीवर गेलासुद्धा.

"सोडू नका!" धुक्यातून उत्तर आलं. "एकाला शोधतोय तेवढं पुरे, तिघांना नको! मी बोट मागे आणतो!"

मागे? मागे तर लाट फुटत होती! पण त्याच वेळी साखळीचा आवाज ऐकू आला. कमांडर नांगराची साखळी सोडत होते, हातभर, आणखी हातभर, आणि ओढ बोटीला खडकांकडे नेत होती. तळाच्या भेगेतून आत येणारं पाणी डॉक्टर पंपाने उपसत होती. दोर सैल पडला. होडी पुढे गेली.

आता आवाज नव्हता.

"वकील! अरे बोल ना!" शिडी ओरडला.

"लेफ्टनंट," कमांडरांची हाक आली, "शेवटचा आवाज तुमच्या उजव्या हाताला होता. जवळ होता. आता तुम्ही बघा."

घारीने पाहिलं. पांढऱ्यात पांढरं, करड्यात करडं, आणि एका लाटेच्या पाठीवर क्षणभर नारिंगी जाकीट! "तिकडे! मार वल्हं!"

वकिलाचे ओठ निळे पडले होते, डोळे अर्धे उघडे होते. शिडीने त्याला काखेत धरून उभं खेचायला घेतलं.

"उभा नको! आडवाच!" घार गरजली. "गारठलेल्या माणसाला उभं खेचलं तर हृदय बंद पडतं. पाय धर त्याचे!"

दोघांनी त्याला ओंडक्यासारखा आडवा लोळवत होडीत घेतला. घारीच्या पाठीतून कळ गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दात आवळले. "ओढा!" ती ओरडली आणि दोर ताणला गेला.

बोटीवर डॉक्टरने त्याचे ओले कपडे कात्रीने कापले. चोळाचोळ नाही, घाई नाही. कोरडी पांघरुणं, आणि दोन्ही बाजूंनी चिकटून झोपलेली दोन माणसं, ती आणि शिडी. वकील थरथरू लागला.

"थरथरतोय!" डॉक्टर म्हणाली. "चांगलं आहे, मॅडम. खूप चांगलं आहे!"

तेवढ्यात वरचं धुकं विरळ झालं आणि समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, दीपगृहाचा माथा उन्हात चमकला. खाली अजून सगळं पांढरंच होतं. मागे एकही शीड नव्हतं. निशाण काढायला कितीसा वेळ लागला असता! शिडी एकदा दीपगृहाकडे आणि एकदा घारीकडे बघत राहिला.

बेटावर मदतीला माणूस नव्हता. आपोआप पेटणारा दिवा होता फक्त.

घारीने डबा मांडीवर घेतला आणि मोहोर फोडली. यंत्राचा पडदा उजळला. "सर, मी आकडे वाचते. तुम्ही लाटा ऐका. परत फिरू."

"परत फिरू," कमांडर म्हणाले, आणि नांगर ओढायला नाळेवर गेले.

खिंडीच्या तोंडाशी जीवरक्षक बोट भेटली. संध्याकाळी बंदराजवळच्या रुग्णालयात वकिलाला गरम खोलीत नेलं, आणि दोघे अधिकारी बाहेरच्या बाकावर बसले. अंगावर मिठाचे ओघळ सुकले होते.

"मी तेव्हाच नांगर टाकायला हवा होता," घार म्हणाली.

"हो," कमांडर म्हणाले. "मीही जोर लावून सांगायला हवं होतं. पाणबुडीत हळूच बोलायची सवय लागते. ती सगळीकडे चालत नाही." त्यांनी बूट काढला, त्यातलं पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं. "आणि साखळी मी किती सोडली होती, ते या मुलांना सांगू नका. दोनच कड्या उरल्या होत्या."

घार हसली. पाठ दुखली, तरी हसली.

दार ढकलून एक बाई आत आली. कोट उलटा घातलेला, हातात घराच्या किल्ल्या तशाच घट्ट धरलेल्या. ती इकडेतिकडे बघत होती आणि काय विचारायचं तेच तिला सुचत नव्हतं. ती कोणाची आई हे सांगावं लागलं नाही. नाक अगदी तेच होतं.

घारीने कितीतरी माणसं पाण्यातून वर ओढली होती. त्यांना रुग्णालयाच्या गच्चीवर उतरवून ती लगेच पुन्हा उडून जात असे. खाली, दारातून, कोण धावत येतं हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ती उठली, पुढे झाली आणि त्या बाईचा थंडगार हात हातात घेतला.

"या ना," ती म्हणाली. "तो आत आहे. बोलतोय."