सेंट ऑस्विनचं कललेलं कुंड

"आयव्हो, थांब! पाणी सांडतंय!" हेस्टर ओरडली.

आज मावशीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. सुट्टीत मावशीकडे आलेली हेस्टर, तिचा भाऊ आयव्हो आणि शेजारची रोवेना चर्चमधलं दगडी कुंड पाण्यानं भरत होती. एकीकडून पाणी ओघळत होतं, तर दुसरीकडे काठ चांगला चार बोटं कोरडा!

"पाणी तिरकं कसं गं?" आयव्होनं विचारलं.

"शहाण्या, पाणी नाही, कुंड तिरकं झालंय!" रोवेना म्हणाली.

चर्चची देखभाल मिस्टर बॅगशॉ बघत. बायबल ठेवायच्या पितळी गरुडाला पॉलिश करता करता ते गुरगुरले, "व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून उभं आहे ते! पळा, लुडबुड नको!"

पण हेस्टर कुठली ऐकायला! कुंडाभोवतीच्या नक्षीदार फरश्यांमध्ये तिला बोटभर फट दिसली. बाकांच्या मधोमध लोखंडी जाळी होती. पूर्वी तिच्याखालच्या बोगद्यातून चर्चभर गरम हवा खेळायची.

"खाली बघायलाच हवं," ती म्हणाली. तिघांनी जाळी उचलली.

"मी जाते. तुमचे खांदे अडकतील!" टॉर्च घेऊन रोवेना आत सरपटलीसुद्धा. ओल्या विटांचा वास, तोंडावर कोळिष्टकं... आणि समोर बघते तर काय! कुंडाखालचा विटांचा एक खांब ढासळला होता, दुसऱ्याचा भुगा होत होता!

वर हेस्टरनं मिस्टर बॅगशॉंना हाताला धरून ओढतच आणलं. "आता काय नवीन?" म्हणता म्हणता ते थबकले. फरशीच्या फटीतून उजेड वर येत होता!

"अरे देवा! खाली कोण आहे?"

"मी! आणि तुमचा खांब पडलाय!" जमिनीतून उत्तर आलं.

"आधी बाहेर ये, पोरी!"

ती बाहेर येते तोच पाहुणे दारात! हेस्टर आणि आयव्होनं बाक आडवं लावून वाट अडवली. "सगळ्यांनी पुढे चला! कुंडाजवळ कुणी जायचं नाही!"

पाद्रीबाईंनी कुंडाऐवजी मावशीच्या घरून सूप वाढायचं मोठं भांडं मागवलं. बाप्तिस्मा झाला, बाळानं भोकाड पसरलं, स्तोत्र सुरू झालं आणि... धडाड्‌धूम! कुंड कमरेपर्यंत जमिनीत गेलं! धुरळा खाली बसला, तेव्हा मावशी बाळाला घट्ट कवटाळून उभी होती.

"बाहेरची पन्हळ पानांनी तुंबलीय. पावसाचं सगळं पाणी कुंडाखालच्या पायात मुरलं," मिस्टर बॅगशॉ खालच्या मानेनं म्हणाले. "साफ करायची मीच टाळत होतो."

"या मुलांनी आज सगळ्यांना वाचवलं!" पाद्रीबाई म्हणाल्या, आणि अख्ख्या चर्चमध्ये टाळ्या घुमल्या.

मिस्टर बॅगशॉंनी रोवेनाचा मळका हात हातात घेतला. "उद्या गवंडी येईल. कुठे काय बिघडलंय, ते तुम्हीच त्याला दाखवा. मी मुकाट्यानं शिडी धरतो!"