स्पर्शाची मुदत

सोनखडप बेटावर गेली बारा वर्षं कचरा नाही. त्याआधीच्या शंभर वर्षांत तिथं चार योजना बुडाल्या होत्या. खड्डा खणला, तर तो गोड्या विहिरीत पाझरला. भट्टी बांधली, तर तिची काजळी वाळत घातलेल्या मासळीवर बसली. होडीतून कचरा किनाऱ्यावर नेला, तर तिथले लोक म्हणाले, तुमचं तुम्हीच ठेवा. चौथ्या योजनेत हॉटेलने, देवळाने आणि खुद्द ग्रामपंचायतीने आपापल्यापुरती सवलत मागून घेतली आणि शेवटी सवलतीच उरल्या.

पाचवी योजना डॉ. रेहाना मुजावर यांची. त्यांनी घडवलेल्या जिवाणूंना बेटावर ‘विरजण’ म्हणतात. ते हवेत, मातीत, घराघरांत असतं. काच सोडली, तर माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूची ते माती करतं. त्याला अडवते फक्त माणसाच्या त्वचेची स्निग्धता, आणि ती वर्षभर टिकते. म्हणजे वर्षात एकदाही जिला हात लागला नाही, ती वस्तू कचरा. म्हणून दिवाळीआधी अख्खं गाव कौलांपासून सुईपर्यंत सगळ्यावरून हात फिरवतं. इतकी साधी आणि कुणाचीही भीड न ठेवणारी योजना माणसाला सुचावी, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

“उद्या वरीस पुरा होतला,” द्वारकाबाई कुबल घरी आलेल्या रेहानांना म्हणाल्या. दर्यावर जाण्याआधी त्यांच्या नवऱ्याने अंगातला सदरा काढून खुंटीला लावला होता. तो परतलाच नाही. सदऱ्याला लागलेला शेवटचा हात त्याचाच.

“मग फिरवा ना हात. अजून वर्षभर राहील,” रेहाना म्हणाल्या.

“आणि वास? मी हात लावलंय तर माझो वास येतलो. अजून ह्येंचो येता.”

रेहाना घुटमळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्याकडे काचेची बंद बरणी आहे. तिच्यात विरजण शिरत नाही. कुणाला कळणार नाही.”

“हाटेलवाल्यान असल्योच बरण्यो मागल्यान होत्यो ना? ग्रामसभेत तेका गप कोणी केला? मीच.”

“तेव्हा तुमचे यजमान होते.”

“तेवा होते म्हणान न्याव एक, आणि आता नाय म्हणान दुसरो?”

रेहानांना आजवर पुष्कळ मानसन्मान मिळाले होते. पण आपल्या योजनेचा एवढा मान कुणी राखलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी खुंटीसमोर बसल्या. आधी कॉलर भुसभुशीत झाली, मग बाह्या. द्वारकाबाई उठल्या आणि हात पाठीमागे बांधून, नाक सदऱ्याजवळ नेऊन उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत जमिनीवर मूठभर काळी माती पडली होती. त्यांनी ती ओंजळीत घेतली आणि बराच वेळ हुंगली.

“ब्येस काम केल्यात हां, डाक्टरबाय,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या. “ह्येंचा म्हणान कायएक उरला नाय.”