पावणेसातची कचरागाडी

लि-हंग मला पहिल्यांदा दिसला तो कचऱ्याची पिशवी घेऊन धावताना. आमच्या बेटावरच्या ताइनान शहरात कचरागाडी धून वाजवत येते आणि कुणासाठी खोळंबत नाही. हा बाबा गळ्यात हेडफोन अडकवून गाडीमागे पळत होता.

"गेली का?" त्याने धापा टाकत विचारलं.

"गेली. ते हेडफोन काढत जा की कधीतरी."

"तुम्हाला बरी सापडते."

मग मी त्याला माझा छोटासा डबा दाखवला. मीच बनवलेला — गाडीची दूरवरची धून टिपली की त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो. तो डबा उलटापालटा करून बघत राहिला आणि मी… त्याच्या पापण्या बघत राहिले. होत्याच तशा लांब, काय करणार!

आणि योगायोग बघा, तो निघाला ल्याओताईंच्या हाताखालचा. बेटावरच्या दुकानांना माल पुरवणाऱ्या त्याच ल्याओताई! त्यांची रीत ठरलेली: नवी वस्तू आधी कुणीतरी महिनाभर घरी वापरायची. लि-हंग डबा घेऊन गेला. नोकरी सोडून मी आठ महिने या डब्यापायी झटत होते. ताई नाही म्हणाल्या की पुन्हा कारखाना.

त्यानंतर पावणेसातच्या गाडीला तो हटकून दिसायचा.

"एवढा कचरा येतो कुठून?"

"एकटा माणूस… खूप खातो."

बुधवारी आणि रविवारी गाडी नसते. ते दोन दिवस मला फार जड जायला लागले.

महिना भरला. ताईंच्या ऑफिसात मी डब्यावर हिरवं खाऊचं पुडकं ठेवलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आम्ही सगळेच ठेवतो. ताईंनी लि-हंगने महिनाभर भरलेली वही उघडली. वहीत रकाना एकच, कचरा कधी आणि कुठे टाकला.

"लि-हंग, तुझ्या गल्लीत गाडी सव्वासहाला येते. तू कचरा टाकलास पावणेसातला, तोही चार गल्ल्या सोडून. महिनाभर! म्हणजे डबा चाललाच नाही."

मी वळून लि-हंगकडे बघितलं. चार गल्ल्या?

"चालला, ताई. बरोब्बर सव्वासहाला दिवा लागायचा."

"मग?"

"मग मी… अंघोळ करायचो. शर्टाला इस्त्री करायचो." त्याचे कान लाल झाले. "पावणेसातच्या गाडीला पेई-शान येते ना…"

माझं नाव ऐकून मला कुठे बघावं ते कळेना. ताईंनी चष्मा काढला, आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोनशे डबे पाठव, पोरी. याला आता तूच सांभाळ."

दोनशे! मी डब्यावरचं पुडकं उचललं आणि लि-हंगच्या खिशात खोचलं.

"डबा वागला शहाण्यासारखा. आता तू वाग."

"म्हणजे काय करू?" तो हळूच म्हणाला.

"उद्या पावणेसातला ये… पिशवी न घेता."