टोपलीतला हालडोरचा कोपरा

दर नाताळच्या आधी मी राग्नाकडे बटाट्यांचं पोतं आणि वाळवलेला कॉड मासा टाकून येतो. ती म्हणते, "अस्लाक, पुरे की आता. किती वर्षं आणशील?" मी म्हणतो, "पाय चालतायत तोवर." तिच्या नवऱ्याने, हालडोरने, मला जे दिलं त्याची फेड बटाट्यांनी थोडीच होते? पण रिकाम्या हाताने जाववत नाही.

दक्षिण ध्रुवाचा बर्फाचा खंड बलूनमधून ओलांडायला आम्ही तिघे निघालो होतो. कप्तान गुडमुंड, हालडोर आणि मी. मध्ये काय आहे ते कोणीच पाहिलेलं नव्हतं. उन्हाळा होता, सूर्य मावळतच नव्हता. टोपलीतून खाली लोंबणारा लांब दोर सोडायचं-ओढायचं काम हालडोरकडे. लार्विकच्या गोदीत जन्म काढलेला माणूस. दोन-तीन हात दोर ओढला की थांबून तळहातावर थुंकायचा.

"अरे, थुंकी गोठेल!" कप्तान ओरडायचे.

"गोठू दे. तुमच्या हुकमापेक्षा तिचीच पकड बरी."

डोंगरांजवळ बलूनवर बर्फ चढला आणि आम्ही खाली येऊ लागलो. वाळूच्या पिशव्या, शिधा, चूल, सगळं फेकून झालं. दोर तेवढा ठेवला, त्याशिवाय उतरता आलं नसतं. समोरून काळा कडा अंगावर येत होता. हालडोरने तंबाखूची डबी माझ्या हातात ठेवली.

"धर जरा. राग्नाला दे."

मला काही कळायच्या आत तो बलूनखालच्या वेताच्या टोपलीच्या काठावरून पलीकडे गेला. बलून उसळला आणि कडा पार झाला. किंकाळी ऐकू आली नाही. बलून वाऱ्याबरोबरच जातो, म्हणून आत वाराही लागत नाही. नुसती शांतता असते.

त्या शांततेत, काही वेळाने, टोपलीचा वेत करकरला.

हालडोरचा कोपरा खाली गेला. तो उभा असला की टोपली जशी कलायची तशीच कलली. आणि डांबराचा वास आला, त्याच्या कोटाला यायचा तोच.

"कप्तान... तुम्ही हललात?"

"माझे पाय गोठलेत, अस्लाक. मी कुठला हलतोय..."

मग आम्ही दोघंही त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसलो. त्या भाराने बलून सावकाश खालच्या वाऱ्यात उतरला आणि तो वारा आम्हाला किनाऱ्याकडे नेऊ लागला. वरच राहिलो असतो तर कुठे गेलो असतो, देव जाणे.

किनाऱ्याजवळ देवमासे मारणाऱ्यांचं जहाज दिसलं. टोपली बर्फावर टेकली, पण वायू सोडायची झडप गोठून बसलेली, आणि पुढे लगेच समुद्र. बलूनमधून कधी एकट्याने उतरायचं नसतं. एक उतरला की बलून हलका होतो आणि उरलेल्याला घेऊन उडतो. कप्तानांना तर स्वतःहून उठताही येत नव्हतं.

"तू उतर," ते म्हणाले. "एक तरी घरी जाऊ दे."

"गप्प बसा हो."

तेवढ्यात तो कोपरा बर्फात रुतला, कोणीतरी पाय रोवून उभं राहावं तसा. मी पहिल्यांदाच तिकडे तोंड केलं. कोणी नव्हतं.

"हालडोर... धरतोस ना?"

वेत करकरला. मी जीव मुठीत धरून उतरलो. बलून हलला नाही. कप्तानांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. तरी हलला नाही. टोपली रिकामी, वर बलून ताणलेला, आणि सगळं जागच्या जागी.

भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त भरून आलं. "झालं रे," मी म्हणालो. "उतरलो आम्ही. तुझे उपकार कधी फिटायचे नाहीत. ये, आता तूही उतर..."

टोपली सुटली. एका बाजूला कललेली, सावकाश वर गेली.

एवढं सगळं राग्नाला सांगितलंय. शेवटचं तेवढं सांगितलेलं नाही. सांगितलं तर बिचारी जन्मभर आभाळाकडे बघत बसेल. आमचा लांब दोर बर्फावर पडला होता. बलून समुद्रावर गेला तेव्हा तो दोर वर टोपलीत ओढला जात होता. दोन-तीन हात... मग थांबायचा... मग पुन्हा दोन-तीन हात.