निवांत पीठ

दुकानात आता कुणी काय हवं ते सांगत नसे. रविवारी सकाळी लोक रांगेत उभे राहत, घरातल्या प्रत्येकाची श्वासपट्टी काउंटरवरच्या खाचेत सरकवत आणि बाकावर बसून सामानाची वाट बघत. श्वासपट्टी म्हणजे बोटभर लांबीची, पातळ कागदासारखी एक पट्टी. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी, तिच्यावर तोंडाने हळूच फुंकर घालायची, एवढंच काम. आपण सोडतो त्या श्वासात नुसती हवा नसते. रक्तातून निघालेले शेकडो सूक्ष्म वायू फुप्फुसांतून बाहेर पडत असतात. साखर वाढली, यकृत थकलं, लोह कमी पडलं, की त्यांचं प्रमाण बदलतं. पट्टी ते टिपून घेई आणि दुकानातलं यंत्र त्याप्रमाणे पीठ, डाळ, तेल मोजून बांधी. प्रत्येकाच्या नावाची वेगळी पिशवी. तुरीची डाळ आवडते म्हणून तुरीची डाळ घेतली, असं सांगणारी माणसं आता म्हातारी झाली होती.

ह्या पद्धतीमुळे सांगलीत मधुमेहाचे रोगी निम्म्यावर आले होते, हे खरं. पण तिच्यामुळे शिष्टाचाराचा एक नवा नियमही तयार झाला होता. दुसऱ्याच्या पिशवीकडे बघायचं नाही. पिशवी बघितली की माणसाचं आतलं दिसे.

विराग चौगुले हा नियम पाळणारा माणूस. वय सत्तेचाळीस, शाळेत गणित शिकवणारा, अविवाहित, आणि वर्गात कधी आवाज चढवत नाही अशी त्याची ख्याती. वडिलांना घेऊन एकटा राहतो, त्यांचं सगळं करतो, म्हणून नातेवाइकांत त्याचं उदाहरण दिलं जाई. त्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे दोन पट्ट्या दिल्या, एक स्वतःची आणि एक वडिलांची, म्हणजे अण्णांची. सामान आलं तेव्हा अण्णांच्या पिशवीत वरच राखी रंगाचा एक पुडा होता.

तो पुडा सगळ्यांना ठाऊक होता. पुड्यावर छापलेलं नाव ‘शमधान्य’ असं होतं, पण लोक त्याला निवांत पीठ म्हणत.

काउंटरवरच्या पद्मावतीबाईंनी तो पुडा पिशवीत खाली सारला आणि वर पोह्यांची पिशवी ठेवली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ज्वारीत मिसळून भाकरी करा सर. चवीत फरक लागत नाही.”

“हे आमचं नाही,” विराग म्हणाला. “पट्टी बदलली असेल.”

“नाव अण्णांचंच आहे.”

मागे उभे असलेले शेजारचे गृहस्थ छताच्या पंख्याकडे बघू लागले. तेव्हा विरागच्या लक्षात आलं, की त्यांनी पुडा पाहिला आहे.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर तो आहारकेंद्रात तक्रार घेऊन गेला. ह्या भागातल्या सगळ्या दुकानांतली यंत्रं त्या केंद्रातून चालत. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. तन्वी सबनीस पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी अण्णांच्या पट्ट्या पुन्हा तपासल्या आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“चूक नाही,” त्या म्हणाल्या. “वडिलांच्या श्वासात भीती आहे.”

“भीती श्वासात कशी असेल?”

“माणूस घाबरला की शरीर पळायची तयारी करतं. रक्तात काही द्रव्यं सुटतात, चरबी जळायला लागते, आणि त्या जळण्याचे वायू श्वासात उतरतात. क्षणभराची भीती क्षणात ओसरते. पण रोज थोडी थोडी भीती असली, की शरीर कायमच त्या तयारीत राहतं. श्वासाची घडणच बदलते. वडिलांची तशी बदललेली आहे.”

“ते शहात्तर वर्षांचे आहेत. ह्या वयात मरणाची भीती असणारच.”

“मरणाची भीती अशी वरखाली होत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावरच्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं. “ही मार्चच्या अखेरीस एकदम खाली आली आहे. नंतर पुन्हा चढली. तेव्हा घरात काही वेगळं होतं का?”

मार्चच्या अखेरीस विराग बोर्डाचे पेपर तपासायला पुण्याला गेला होता. शेजारच्या काकू अण्णांना जेवण देत होत्या.

“घरी आणखी कोण असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मीच,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. त्यांनी काही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आपण अण्णांवर कधी हात उगारला नाही, हे त्याला सांगायचं होतं. पण ते सांगायची वेळ यावी, हेच त्याला सहन होईना. अण्णांच्या हाताला कंप होता. दूध सांडे, नळ चालू राहून टाकी रिकामी होई, औषध घेतलं की नाही हे ते पुन्हा पुन्हा विचारत. दिवसभर वर्गात जपून ठेवलेला आवाज विराग घरी येऊन मोकळा सोडी. एकदा आमटी सांडली म्हणून त्याने त्यांच्यासमोरून ताट उचलून नेलं होतं. तासाभराने त्याने ते परत आणून ठेवलं. अण्णा जेवले, आणि वाढलेलं सगळं संपवून त्यांनी ताट त्याला दाखवलं होतं. ते दाखवणं त्याला आता आठवलं.

“हे पीठ नेमकं करतं काय?” त्याने विचारलं.

“आपल्या आतड्यात जिवाणूंची एक वसाहत असते. आपण खातो त्यावर ती जगते. ह्या धान्यातला कोंडा खाणारे जिवाणू एक द्रव्य तयार करतात, ते मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथली धोक्याची घंटा हळू करतं. गुंगी येत नाही, झोप येत नाही. माणूस घाबरत नाही, एवढंच.”

“आणि मला ते नको असेल तर?”

“ते तुमच्यासाठी नाहीच,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्याचा श्वास, त्याची परवानगी. नको असेल तर वडिलांनी कळवायचं.”

त्या संध्याकाळी विरागने स्वतः भाकऱ्या केल्या. अण्णा ओट्याजवळच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले होते. हात थरथरलेले दिसू नयेत म्हणून ते असे बसतात, हे त्याने आजपर्यंत पाहूनही पाहिलं नव्हतं.

“नवीन ज्वारी आहे,” तो म्हणाला. “बघा कशी लागते.”

अण्णांनी तुकडा मोडला, सावकाश चावला. “चांगली आहे,” म्हणाले.

पुढचे काही आठवडे विरागच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले गेले. तो निश्चयाने वागत होता. दूध सांडलं तर फडकं आणून पुसत होता, औषधाचं तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत होता. आणि अण्णा बदलत होते. आधी त्यांनी हात मांडीखालून बाहेर काढले. मग जेवताना बोलू लागले. ते एसटीत ड्रायव्हर होते. कोकणात उतरणाऱ्या घाटात रात्रीच्या धुक्यात गाडी कशी काढायचे, कुठल्या वळणावर कंडक्टर डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायचा, हे त्यांनी विरागला कधी सांगितलंच नव्हतं. एक दिवस त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. विरागला इतका आनंद झाला, की त्याने नागपूरच्या बहिणीला फोन करून ते कळवलं. आपल्या वागण्याला फळ आलं, असं त्याला वाटत होतं. राखी पुडा तो भाकरीत मिसळत होता, पण त्याचा विचार त्याने मनातून बाजूला टाकला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी तो पालकांच्या सभेतून डोकं धरून घरी आला, तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. अण्णांनी पिण्याच्या पाण्याची कळशी उचलायला घेतली होती आणि ती हातातून सुटली होती. मुलांच्या तपासायच्या वह्या खालच्या फळीवर होत्या. त्या भिजल्या होत्या.

विराग ओरडला. सुरुवात नेहमीसारखीच झाली. कुणी सांगितलं होतं उचलायला, किती वेळा बजावलं. पण नेहमीसारखं ते थांबलं नाही. कळशीवरून तो अण्णांच्या हातांवर गेला, हातांवरून त्यांच्या वयावर, आणि तिथून आपल्या न झालेल्या लग्नावर. तुमच्यामुळे मी इथे अडकलो, असं तो म्हणाला. हे वाक्य आजवर त्याने कधी उच्चारलं नव्हतं. ते उच्चारल्यावर तो आणखी पुढे गेला.

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते. तो धापा टाकत थांबला, तेव्हा म्हणाले, “झालं? मग आधी पाणी पूस. पाय घसरेल तुझा.”

फडकं हातात घेऊन विराग खाली बसला आणि तिथेच राहिला. आधी अण्णांचा चेहरा असा नसे. आधी आवाज चढला की त्यांची मान खाली जाई, ओठ आत ओढले जात, आणि ते दिसलं की विरागला कुठेतरी टोचे. तो बडबडत बाहेर जाई, पण थांबे. आजवर त्याला थांबवत होता तो अण्णांचा घाबरलेला चेहराच. तो चेहरा आता राहिला नव्हता, आणि म्हणून आज तो इतकं बोलू शकला होता. उद्या याहून जास्त बोलू शकेल, हेही त्याला दिसलं.

तो पुन्हा केंद्रात गेला. ह्या वेळी काय घडलं ते त्याने काही न लपवता सांगितलं. सांगताना त्याची नजर टेबलाच्या कडेवर होती.

“पीठ थांबवा,” तो म्हणाला. “ते घाबरले नाहीत तर कुठं थांबायचं हे मला कळणार कसं?”

“तुम्हाला कळावं म्हणून त्यांनी घाबरायचं?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

विरागने पहिल्यांदा मान वर केली.

“खरं सांगू का,” त्या म्हणाल्या. “आम्ही हे धान्य युद्धातून परतलेल्या लोकांसाठी तयार केलं होतं. घराघरांत जाईल असं वाटलं नव्हतं. आज ह्या शहरात ते किती स्वयंपाकघरांत आहे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. बायका खातात, सुना खातात, म्हातारी माणसं खातात, मुलं खातात. आणि घरातली दुसरी माणसं मला पत्र पाठवतात, की आता घरी शांतता आहे, आभारी आहोत. थांबवा म्हणणारे तुम्ही पहिले.”

“मग थांबवा.”

“मला तो अधिकार नाही. त्यांना सांगा. ते म्हणाले तर लगेच थांबवते.”

त्याने शनिवारी दुपारी सांगितलं. अण्णा व्हरांड्यात लसूण सोलत बसले होते. थरथरत्या हातांनी एक पाकळी सोलायला त्यांना बराच वेळ लागे. आता ते तो वेळ घेत. विराग त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“अण्णा, तुमच्या भाकरीत मी एक पीठ मिसळतो. ती नवीन ज्वारी नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“केंद्रातनं फोन आला होता की, पुडा यायच्या आधीच. तू शाळेत होतास. बाई चांगली बोलली. म्हणाली, असं असं आहे, देऊ का? मी म्हटलं, द्या.”

विरागने मागचं आठवून पाहिलं. म्हणजे त्याने पहिली भाकरी वाढली, नवीन ज्वारी म्हणून खोटं बोलला, तेव्हा अण्णांना सगळं माहीत होतं. तरी ते ‘चांगली आहे’ म्हणाले होते, कारण तेव्हा त्यांना त्याची भीती वाटत होती.

“आपण ते बंद करू,” तो म्हणाला. “मी सुधारेन. सुरुवात केली होती मी. परवा चुकलो. पण मी प्रयत्न करतोय अण्णा. तुम्ही नको म्हणून कळवा, मी तुम्हाला शब्द देतो.”

अण्णांनी हातातली पाकळी वाटीत टाकली. त्याच्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दुखावलेपणही नव्हतं. विरागला ते असतं तर हवं होतं.

“तू वाईट नाहीस,” अण्णा म्हणाले. “माझं सगळं करतोस. पण तुझा भरवसा धरता येत नाही रे. पिठाचा धरता येतो.”

बापाने मुलाला इतक्या सहज असं सांगावं, याचं विरागला क्षणभर नवल वाटलं. मग त्याला कळलं, की हे बोलायचं धाडसही अण्णांना पिठानेच दिलं आहे. पीठ बंद झालं तर तो सुधारला की नाही, हे ते त्याला कधीच सांगू शकणार नाहीत. विचारलं तर म्हणतील, चांगलं आहे.

“उद्या जाशील ना आणायला?” अण्णांनी पुढची पाकळी उचलत विचारलं. “संपत आलंय.”

“जाईन,” तो म्हणाला.

रविवारी तो रांगेत उभा राहिला आणि दोन्ही पट्ट्या खाचेत सरकवल्या. अण्णांच्या पिशवीत ह्या वेळी राखी पुडे दोन होते. पद्मावतीबाईंनी कारण सांगितलं नाही, पण त्याची गरज नव्हती. अण्णांना जे जाणवलं नव्हतं ते त्यांच्या श्वासाला जाणवलं होतं, आणि यंत्राने कळशीच्या संध्याकाळची भरपाई करून दिली होती. बाई पुडे पोह्यांखाली झाकू लागल्या.

“राहू द्या वरच,” विराग म्हणाला.

पिशवी उचलून तो रांगेतल्या माणसांसमोरून बाहेर पडला. सगळे पंख्याकडे बघत होते.