उपस्थित चाळीस

बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायची, ही खोड मला नववीत लागली. आमच्या हायस्कूलचं पाक्षिक सायक्लोस्टाइलवर निघायचं. त्यासाठीची स्टेन्सिल, म्हणजे कोरायचा मेणकागद, उदगीरहून यायची, आणि ती फाडणाऱ्याला माणिकप्पा सर वर्गाबाहेर उन्हात उभं करत. टोकदार लेखणीनं एक पान कोरायला मला दोन दिवस लागत. म्हणून कार्यक्रम व्हायच्या आधीच मी 'उत्साहात संपन्न झाला' असं कोरून मोकळा होत असे. पाहुण्यांचं भाषण मार्गदर्शनपर असायचंच. शेवटी उपस्थितांची नावं, कारण आईबाप तेवढंच वाचत. यात कधी काही बिघडलं नव्हतं. मी स्वतःला मोठा पत्रकार समजत होतो.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पावसानं ओढ दिली होती. उगवलेलं करपलं होतं, आणि गावातल्या बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. तरी लातूरच्या सोहळ्याची हौस होतीच. चाळीस मुलं ट्रकनं जाणार आणि दहावीतली नीलम्मा तिथं स्वागतगीत म्हणणार, असं ठरलं. मी चाळीस नावं कोरली. 'कु. नीलम्मा हिने सुस्वर गीत गाऊन सर्वांची मने जिंकली' हेही कोरलं.

निघायच्या दिवशी सकाळी नीलम्मा आलीच नाही. सरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि ट्रक सोडायला सांगितला. लातुरात गीत माझ्या वर्गातल्या सिंधूनं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली आणि आम्ही हसलो. हे इतकं नेमकं सांगतो, कारण पुढं ते लक्षात ठेवणारा मी एकटाच उरलो.

संध्याकाळी परत आलो तर गावात चुली पेटल्या नव्हत्या. नीलम्माची आई गंगम्मा सकाळी पाण्यासाठी विहिरीत उतरली होती आणि कड ढासळून छातीपर्यंत गाडली गेली होती. माणसं माती उपसत होती तो तास-दीड तास ती जिवंत होती. तेवढा वेळ नीलम्मा खाली तिच्याजवळ बसून राहिली. शेवटी तिच्या वडिलांनी, मडिवाळप्पांनी, तिला ओढून वर काढलं. मी पाहिलं तेव्हा ती ओट्यावर बसली होती आणि तिचं परकर-पोलकं चिखलानं ताठ झालं होतं.

स्टेन्सिलवरचं एक नाव आणि एक ओळ खोडायची होती. दुरुस्तीचा लाल द्रव लावायचा, वाळू द्यायचा, वर पुन्हा कोरायचं. अर्ध्या तासाचं काम. पण एवढ्यासाठी कोण बसतंय, असं म्हणून मी शंभर प्रती तशाच काढल्या.

आठवड्यानं नीलम्मा शाळेत आली. मधल्या सुट्टीत छपाईच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"भीमाशंकर, माझं नाव का घातलास त्यात?"

"आधीच लिव्हलतो गं. चुकून ऱ्हायलं."

"मग काढ ते. बाबा म्हणायलेत, आई मातीत अन् तू लातुरात गाणं म्हणत हुतीस."

"त्येंनीच तर तुला वर काढलं."

"त्येंला आठवतच न्हाई. कुणालाच आठवत न्हाई." तिचा आवाज बारीक झाला. "पेपर वाचल्यापासनं."

शंभर प्रतींच्या पाक्षिकाचा केवढा हा प्रताप! मला मनातून हसू आलं. दुःखानं बिचारीचं डोकं फिरलंय असं वाटलं. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापतो, असं मी सांगितलं.

"नक्की छापशील ना? मी हुते तिच्यापाशी. ती बोलली माझ्यासंगं. शेवटी म्हणली..."

"नंतर सांग," मी म्हणालो. रोलरला शाई लावलेली होती, ती वाळली असती.

ती निघून गेली.

त्याच दिवशी मी सिंधूला दुसऱ्या कडव्यावरून चिडवलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"मी कुठं म्हटलं गाणं? नीलम्मानं म्हटलं की."

सरांकडं गेलो. सर म्हणाले, "काय गळा हाय पोरीचा! पाहुणेसुद्धा गप झालते." हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं, अजून ऐकू येत असल्यासारखं.

मग लातूरहून फोटो आला. मी डोकी मोजली.

चाळीस भरली. दुसऱ्या रांगेत नीलम्मा होती. सगळ्यांच्या माना वर होत्या, तिची एकटीची खाली. पायाशी खोल काही असावं तशी ती बघत होती.

मी चार ओळींची चूकदुरुस्ती लिहिली होती. पण सर तो फोटो पुढं करून मला खोटं पाडतील, पाक्षिक काढून घेतील, याची धास्ती बसली. तेवढ्यात कबड्डीचा निकाल आला आणि पान भरलं. जागा नव्हती, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. जागा होती.

दिवाळीच्या आधी टँकरच्या रांगेत नीलम्मा भेटली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा निवलेला दिसत होता. मलाच राहवेना.

"नीलम्मा, ते राहूनच गेलं बघ. ह्या अंकात नक्की छापतो."

"काय?"

"तू आईजवळ हुतीस ते."

ती गोंधळली. "मी तर लातूरला हुते. लई गर्दी हुती, न्हाई?" मग घागरीवरून हात फिरवत हळू म्हणाली, "आई एकलीच गेली रे. शेवटी काई बोलली असंल का?"

 ते जगात फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि ती सांगायला आली तेव्हा मी तिला थांबवलं होतं.

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

"तुला कसं असंल? तू माझ्यासंगंच हुतास. ट्रकवर चढताना तूच हात दिलतास की."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि मला तो हात आठवला.

सकाळचं ऊन होतं, ट्रकची फळी तापली होती. मी वाकून तिला वर ओढत होतो आणि ती येत नव्हती. तिचा दुसरा हात खालून कुणीतरी धरून ठेवला होता.